टीव्ही भिंतीएवढा, पण डोकं कुणाचं चालतं? वर्गातलं तंत्रज्ञान आणि नव्या शिकवणीविषयी, सोप्या भाषेत

जून उजाडला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची ये-जा वाढते. कुणी दाखला न्यायला, कुणी नाव घालायला. यंदा त्यात एक वडील वेगळ्याच कामासाठी आले होते. शिरोली एमआयडीसीत लेथ मशिनवर काम करतात, पोरगी सातवीत माझ्याच वर्गात. म्हणाले, "बाई, त्या नव्या शाळेत भिंतीएवढा टीव्ही बसवलाय. फी लई हाय, पण पोरं टॅबवर शिकत्यात म्हणं. आमच्या पोरीला तिकडं घालू का हितंच ठेवू?"

मला उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. "एवढं वर्ष थांबा, मग बोलू," म्हणाले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतून चालत गेलं तरी दर दोन फलकांमागे एक 'स्मार्ट' किंवा 'डिजिटल' दिसतो. केंद्र सरकारनं २०२६-२७ पासून अगदी तिसरीपासून मुलांना एआयची ओळख करून द्यायचं जाहीर केलंय. आणि त्याच वेळी स्वीडनसारखा पुढारलेला देश २०२३ पासून वर्गातले पडदे कमी करून छापील पुस्तकं परत आणतोय, अशीही बातमी येते. पालकांनी समजायचं तरी काय?

त्या वडिलांना जे सांगायचं होतं, ते इथं सविस्तर लिहिते.

यंत्र वेगळं, शिकवायची रीत वेगळी

गोंधळाचं मूळ इथंच आहे. दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच पिशवीत घालतो. एक म्हणजे तंत्रज्ञान: प्रोजेक्टर, टॅब, मोबाईलवरचं ॲप, पुस्तकातला क्यूआर कोड, एआय. दुसरी म्हणजे शिकवण्याची रीत: बाई बोलणार आणि पोरं ऐकणार, की पोरं स्वतः करणार, बोलणार, चुकणार, दुरुस्त करणार. या दुसऱ्या रीतीला शिक्षणशास्त्रात 'कृतिशील शिक्षण' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा: वर्गात जास्त काम मुलाच्या डोक्यानं करायचं.

आपल्याकडच्या गुऱ्हाळाचं बघा. पूर्वी घाण्याला बैल असायचे, मग इंजिन आलं, मग वीज आली. रस पटापट निघायला लागला. पण काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, पाक आला की नाही, हे अजून गूळ शिजवणारा गुळव्याच ठरवतो. वेळ चुकली तर गूळ एकतर चिकट होतो नाहीतर करपतो, मग घाणा कितीही नवा असो. वर्गातली यंत्रं म्हणजे तो घाणा. गुळव्याचं काम करणारं कुणीतरी लागतंच.

म्हणून चार प्रकारचे वर्ग असू शकतात. यंत्र आहे पण रीत जुनीच: बाईंच्या जागी पडदा बोलतो, पोरं तशीच हाताची घडी घालून बसलेली. यंत्र नाही पण रीत जिवंत. दोन्ही आहे. दोन्ही नाही. पालक बघतात ते फक्त यंत्र, कारण ते डोळ्यांना दिसतं आणि माहितीपत्रकात त्याचा फोटो छापता येतो. रीत बघायची तर वर्गात अर्धा तास बसावं लागतं.

कुस्ती बघून अंग कमावत नाही

आता थोडं खोलात जाऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

खासबाग मैदानात आपण शंभर कुस्त्या बघितल्या तरी आपल्या दंडात ताकद येत नाही. त्यासाठी तालमीत जाऊन जोर-बैठका माराव्या लागतात, लाल मातीत पडावं लागतं. मेंदूचंही तसंच आहे. समजावून सांगितलेलं ऐकताना 'कळतंय, कळतंय' असं वाटतं. ते वाटणं फसवं असतं. वस्ताद पट काढताना दाखवतो तेव्हा डाव सोपाच दिसतो.

याचा एक सुंदर प्रयोग आहे. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींना तोच उतारा पुन्हा वाचायला लावला. काहींना मात्र पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७५. पण आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा पारडं उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांजवळ ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६.

मेंदूतून एखादी गोष्ट खेचून बाहेर काढायला जो ताण पडतो, तोच ताण ती गोष्ट पक्की करतो. जोर मारताना दंड दुखतात, तसाच.

हे कळल्यापासून माझ्या तासाची पहिली पाच मिनिटं ठरलेली आहेत. रद्दीतले पाठकोरे कागद फाडून चिठ्ठ्या करते. पोरांनी वही न उघडता कालच्या तासातलं आठवेल ते लिहायचं. गुण नाहीत, ओरडा नाही. सुरुवातीला निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या यायच्या आणि मला वाईट वाटायचं, कारण आदल्या दिवशी तीच पोरं माना डोलावत होती. खर्च शून्य, वीज लागत नाही, आणि तरी माझ्या हातातलं सगळ्यात नवं साधन कुठलं असं कुणी विचारलं तर मी या चिठ्ठ्याच दाखवीन. कोण कुठं अडलंय हे मला त्याच दिवशी कळतं, सहामाहीत नाही.

पंचगंगेचं पाणी आलेखावर

एक तास जवळून दाखवते.

पावसाळ्यात आपल्याकडे दर घरात एकच आकडा विचारला जातो: राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. यंदा पाणी ओसरून शाळा पुन्हा भरली तेव्हा मी आलेखाचा धडा पुस्तकातून न शिकवता नदीवरून घ्यायचं ठरवलं. सरावासाठी आकडे सोपे करून फळ्यावर लिहिले, दोन-दोन तासांच्या अंतरानं: ३८ फूट ७ इंच, ३८ फूट ९ इंच, ३८ फूट १० इंच, ३८ फूट ११ इंच, ३९ फूट. आलेखाचे कागद वाटले आणि गप्प बसले.

जवळजवळ सगळ्या वर्गानं फूट आणि इंचांच्या मध्ये सरळ टिंब दिलं. ३८.७, ३८.९, ३८.१०, ३८.११. मग बिंदू मांडले. ३८.१० म्हणजे ३८.१, ते ३८.९ पेक्षा कमी. त्यामुळे कागदावर नदी आधी चढली, मग एकदम धाडकन खाली आली आणि शेवटच्या दोन तासांत उडी मारून ३९ वर गेली.

मी काहीच बोलले नाही. मागच्या बाकावर चिखलीकडून येणारी एक मुलगी बसते, तासाला फारसं बोलत नाही. तिनं आपल्या कागदाकडे बघितलं, शेजारणीच्या कागदाकडे बघितलं आणि उभी राहिली. "बाई, हे खोटं हाय. त्या रात्री आमी म्हसरं वर न्हेली, गव्हाची पोती माळ्यावर चढवली. पाणी उतरलं असतं तर कशाला न्हेली असती?"

पुढची वीस मिनिटं माझ्या वर्गात जो गलका झाला, तो कुणी बाहेरून ऐकला असता तर म्हणाला असता, बाईंचा वर्गावर ताबा नाही. पण पोरं भांडत होती ती दशांश चिन्हावरून. एक म्हणाला टिंब चुकलं. दुसरा म्हणाला, टिंब बरोबर, नदी चुकली. शेवटी कुणीतरी पट्टी काढली आणि विचारलं, "फुटात इंच किती?" बारा. "आणि टिंबाच्या पुढं किती भाग असतात?" दहा. एवढं झाल्यावर मी फळ्याकडे गेले. ९ इंच म्हणजे बारातले नऊ, म्हणजे पाऊण, म्हणजे ०.७५. आकडा झाला ३८.७५. ११ इंच म्हणजे ०.९२ च्या आसपास. पोरांनी नवीन बिंदू मांडले, आणि या वेळी नदी चढत गेली.

यात तंत्रज्ञान कुठं आलं? त्यानंतर. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या एकुलत्या प्रोजेक्टरवर मी एक्सेल उघडलं. एका रकान्यात चुकीचे आकडे, शेजारी बरोबर. दोन आलेख एकाखाली एक, क्षणात. मग पोरं आकडे सांगायला लागली: पाऊस थांबला तर कसं दिसेल, धरणाचं पाणी सोडलं तर कसं दिसेल. हातानं हे करायला आठवडा गेला असता. त्यातूनच एका मुलाला एक गोष्ट सुचली, जी मोठ्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. तो म्हणाला, "बाई, रेघ आडवी झाली म्हणजे पाणी उतरलं न्हवं. वाढायचं थांबलं एवढंच." पातळी वेगळी आणि पातळी बदलण्याचा वेग वेगळा. अकरावीत कलन शिकताना पोरं ज्या ठिकाणी अडखळतात ती जागा त्यानं सातवीत गाठली.

क्रम मात्र उलटा केला असता, म्हणजे आधी एक्सेल आणि मग चर्चा, तर टिंबाची चूक कुणाला सापडलीच नसती. यंत्रानं चुकीचाही आलेख तितक्याच सुबकपणे काढून दिला असता.

हे परदेशातून आलेलं खूळ नाही

"हे असलं अमेरिकेत चालतं" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. खुद्द कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते याच विचारानं, की मूल अनुभवातून आणि आनंदानं शिकतं. त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्यायची. आणि देशाच्या शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजऱ्याकडचेच, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. शिक्षण गावाच्या जगण्याशी जोडायचं, हा या मातीतला जुना विचार आहे. आपण तो विसरलो, आणि आता इंग्रजी नावानं विकत घेतोय.

मग टॅबचा उपयोग होतो की नाही?

होतो, आणि होतही नाही. दोन्हीचे पुरावे आहेत, ते शेजारी ठेवून बघू.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं शाळकरी मुलांना मोठ्या संख्येनं लॅपटॉप वाटले. अभ्यासकांनी ग्रामीण भागातल्या ३१९ शाळा घेऊन सुमारे सव्वा वर्षानं तपासलं. मुलं लॅपटॉप चालवायला शिकली, पण गणित आणि भाषेत काही फरक पडला नाही.

उलट दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या संगणक प्रणालीचा अभ्यास झाला. शाळा सुटल्यावर सहावी ते नववीची मुलं केंद्रावर जायची. जेमतेम साडेचार महिन्यांत त्यांची गणितातली प्रगती इतर मुलांच्या दुपटीच्या आसपास गेली, हिंदीतही चांगला फरक पडला. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

असं का? पेरूत मुलाच्या हातात वस्तू दिली. दिल्लीत ती वस्तू मुलाची पायरी ओळखून गणित देत होती. सातवीतलं पोरगं चौथीच्या भागाकारात अडकलं असेल तर ती त्याला चौथीचाच भागाकार द्यायची, आणि चूक केली तर कुठल्या प्रकारची चूक हे बघून पुढचा प्रश्न निवडायची. आमच्यासारख्या शिक्षकाला पन्नास पोरांच्या वर्गात हे मनात असूनही जमत नाही. एका इयत्तेत बसलेली पोरं तीन-चार वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

गंमत म्हणजे हेच तत्त्व 'प्रथम' या संस्थेनं कुठल्याही यंत्राशिवाय वापरलंय. दिवसातला काही वेळ इयत्ता बाजूला ठेवायची. अक्षरं ओळखणारे एका गटात, शब्द वाचणारे दुसऱ्या, गोष्ट वाचणारे तिसऱ्या. ज्याला जिथून पुढं जायचंय तिथून सुरुवात. साधन म्हणून काड्या, खडे, गोष्टींची पुस्तकं. या पद्धतीवरही मोठे अभ्यास झाले आणि तिचा फायदा स्पष्ट दिसला.

पायरी ओळखणं हे खरं औषध. ते संगणकाच्या गोळीतून द्या नाहीतर काढा करून पाजा.

आणि औषध नसेल तर गोळी कितीही महागडी असो. मी पूर्वी एका शाळेत होते तिथं मोठा गाजावाजा करून डिजिटल वर्ग झाला होता. फीत कापली, फोटो निघाले. वर्षभरात प्रोजेक्टरचा दिवा गेला, बदलायला पैसे नव्हते, आणि मुख्य म्हणजे तो कसा वापरायचा हे आम्हा शिक्षकांना कुणी दोन तास बसवून शिकवलं नव्हतं. यंत्र कपाटात गेलं, आणि जिल्ह्यात अशी किती कपाटं असतील या विचारानं मला आजही वाईट वाटतं.

"असं शिकवत बसलात तर पोर्शन कधी संपणार?"

पालकांचा हा पहिला आक्षेप, आणि मुख्याध्यापकांचाही. रास्त आहे. पंचगंगेच्या आलेखाला मला दोन तास लागले, पुस्तकातून एका तासात झालं असतं.

पण 'संपवलं' आणि 'आलं' यात फरक आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या कॉलेजवर्गांविषयीचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, कृतिशील वर्गात २२ टक्के. हे कॉलेजचे आकडे आहेत, सातवीचे नव्हेत, एवढं ध्यानात ठेवून वाचायचे. तरी दिशा स्पष्ट आहे.

वेळ काढायचा एक मार्गही आहे, त्याला उलटा वर्ग म्हणतात. जे नुसतं सांगायचंय ते मुलांनी घरी छोट्या व्हिडिओतून किंवा पुस्तकातून बघून यायचं, आणि वर्गातला वेळ गणितं सोडवायला, अडलेलं विचारायला ठेवायचा. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या दोन रसायनशास्त्र शिक्षकांनी २००७ च्या सुमाराला तास बुडणाऱ्या मुलांसाठी व्हिडिओ करायला घेतले, त्यातून ही पद्धत पसरली. आपल्या पुस्तकांतले क्यूआर कोड याच कामाला येतात. मोबाईल त्यावर धरला की २०१७ पासून सुरू असलेल्या 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावर त्या धड्याचं साहित्य उघडतं. आपल्याच महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडायचं काम केलं आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे मला त्या पुरस्काराइतकंच मोठं वाटतं.

एक गोष्ट पालकांनी आधीच जाणून ठेवावी. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत झालेला २०१९ चा एक अभ्यास सांगतो की कृतिशील वर्गातली मुलं परीक्षेत पुढे गेली, पण 'तुम्ही किती शिकलात' असं विचारल्यावर त्यांनी आपण कमी शिकलो असं सांगितलं. छान व्याख्यान ऐकणाऱ्यांना मात्र आपण खूप शिकलो असं वाटलं. म्हणजे पोरगं घरी येऊन "बाई काही शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात" म्हणालं, तर लगेच शाळा बदलायची घाई करू नका. वही उघडून बघा.

"मोबाईल दिला की पोर बिघडतं"

यात तथ्य आहे, आणि मी ते नाकारणार नाही. मोबाईल ही वस्तूच अशी बनवलेली आहे की तिच्यातून बाहेर पडणं अवघड जावं. अभ्यासाचा व्हिडिओ संपला की खाली दुसरं काहीतरी तयारच असतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरवून टाकलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. एकट्या घरानं हे केलं तर पोर रुसतं. सगळ्या गावानं केलं की रुसून जाणार कुठं? मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो.

घरात एवढं तरी करता येतं: अभ्यासापुरता फोन चौकात, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि व्हिडिओ संपल्यावर पोराला एकच विचारायचं, "काय बघितलंस ते मला सांग." आईला विषय येत नसला तरी चालतो. उलट बरंच. आईला कळेपर्यंत सांगायचं म्हणजे पोराला स्वतःला नीट कळलेलं असावं लागतं.

"एआय सगळं सांगतंय, मग शिकायचं कशाला?"

हा प्रश्न मला आठवीतल्या मुलानं विचारला, आणि अगदी मनापासून विचारला.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. मी "नाचता येईना" म्हटलं की तुम्ही "अंगण वाकडं" म्हणणार. अंगण बघायची गरज नाही, हजारदा ऐकलेलं असतं. एआयची गप्पा मारणारी यंत्रं मुळात असंच करतात. अफाट मजकूर वाचून, या शब्दांनंतर पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज बांधत जातात. त्यातून बहुतेक वेळा उत्तम उत्तर निघतं. पण अंदाज चुकला तरी वाक्य तितकंच ठसठशीत येतं, आणि ज्याला विषय येत नाही त्याला चूक ओळखता येत नाही. म्हणजे हे यंत्र वापरायलाही आधी शिकलेलं असावं लागतं.

दुसरा धोका मोठा आहे. तुर्कस्तानात जवळजवळ हजार शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताचा सराव करताना काही मुलांना एआय हाताशी दिलं. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना एआय कधी दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. जोर दुसऱ्यानं मारले होते, अंग कुठून येणार?

पण त्याच प्रयोगात तिसरा गट होता. त्यांच्या एआयला सांगितलेलं होतं की उत्तर द्यायचं नाही, फक्त पुढची खूण द्यायची. ती मुलं सरावात आणखी पुढे गेली आणि परीक्षेत मागे पडली नाहीत. यंत्र तेच, शिकवण बदलली. त्या आठवीच्या मुलाला मी हेच करून दाखवलं. त्यानं फोनवर लिहिलं, "मला उत्तर सांगू नको, मी कुठं चुकलो ते विचारून विचारून माझ्याकडून काढून घे." पंधरा मिनिटं घाम गाळला त्यानं. गणित सुटलं तेव्हा वर्गभर फिरून सांगत होता.

आणि ज्यांच्याकडे फोनच नाही?

गगनबावड्याच्या, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात वीज चार-चार दिवस जाते. रेंज मिळवायला पोरं टेकाडावर जाऊन बसतात. घरात एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात कामावर गेलेला. अशा ठिकाणी 'व्हिडिओ बघून या' असा गृहपाठ दिला, तर मी वर्गातल्या काही मुलांना दाराबाहेर उभं करते.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. गरिबाचं पोर आपोआप मागं राहतं, त्याला आत आणायची जबाबदारी राज्याची, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आज तोच नियम यंत्राला लावायला हवा. व्हिडिओ शाळेतच उतरवून ठेवावा, शाळेतच दाखवावा. चार टॅब असतील तर चौघांत एक द्यावा, म्हणजे पोरं आपापसात बोलतात तरी. ज्या साधनानं वर्गातलं शेवटचं मूल आणखी मागं जातं, ते मी वापरणार नाही.

त्या वडिलांचं काय झालं

पाणी ओसरल्यावरच्या आलेखाच्या तासानंतर त्यांची पोरगी घरी गेली आणि बारा इंचांची भानगड तिनं वडिलांना सांगितली. ते म्हणाले, त्यात काय, आमच्याकडं इंचाचे आठ भाग असतात, सूत म्हणतात त्याला. पोरीनं दुसऱ्या दिवशी ते वर्गात सांगितलं. वर्गातल्या कुणालाच सूत माहीत नव्हतं. मी निरोप धाडला: सुट्टीच्या दिवशी अर्धा तास शाळेत याल का?

इस्त्रीचा शर्ट घालून आले. पिशवीत पोलादी पट्टी, बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर आणि वर्कशॉपातला टाकून दिलेला एक बुश, म्हणजे नळीसारखा यंत्राचा भाग. सुरुवातीला माझ्याकडे बघूनच बोलत होते, मग हळूहळू पोरांकडे वळले. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे पॉइंट पाच. दोन सूत म्हणजे पाव, पॉइंट पंचवीस. तीन सूत म्हणजे किती? पोरीनं वहीत भागाकार केला: ०.३७५. त्यांनी व्हर्निअर बुशाला लावला आणि पोरांच्या हातात दिला. "मला शाळेत दशांश कधी कळलंच न्हाई," ते म्हणाले. "जॉब रिजेक्ट व्हायला लागलं तवा कळलं."

पोरांनी बाकाच्या फळीची जाडी मोजली, खडू मोजला, एकमेकांची नखं मोजली. चिखलीची ती मुलगी रांगेत शेवटी होती. तिच्या हातात व्हर्निअर आला तेव्हा तिनं आधी त्यांनाच विचारलं, "काका, मग फुटाला किती सूत?"

ते सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. मग थांबले, वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "तुमीच सांगा की."